तीन हजारांचा पंप आणि वीस रुपयांची नळी : विजय सुपरवर सात महिने

विजय सुपर स्कूटरला कार्ब्युरेटरकडे पेट्रोल ढकलणारा पंप बसवून सात महिने झाले. पहिल्या दोन महिन्यांत लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या आल्या असत्या, म्हणून थांबलो होतो. परवा रिझर्व्हवर खंबाटकी चढलो, तिसऱ्या गिअरला, रेस पूर्ण पिळून, आणि गाडीने एकदाही मान टाकली नाही. आता लिहितो.

गाडी वडिलांची विजय सुपर. इंजिन मोठं करणारं १८६ सीसीचं किट, २८चा डेलॉर्टो कार्ब्युरेटर, मोठा सायलेन्सर. यातलं काय कुठून आणलं आणि घरी किती रुपये सांगितले, हा वेगळा विषय आहे. मुद्दा असा की मूळ दीडशेच्या इंजिनाला टाकीतून आपसूक उतरणारं पेट्रोल पुरतं. मोठ्या कार्ब्युरेटरचं तसं नाही. एक तर तो पितो जास्त, आणि नव्या मॅनिफोल्डवर (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारा तुकडा) मूळ जागेपेक्षा वर बसतो. टाकी निम्म्याखाली गेली की पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीपेक्षा जेमतेम चार बोटं वर राहते. एवढ्याशा उतारावर धार काय येणार!

लक्षण ठरलेलं. शहरात काही नाही. घाटात दीड-दोन मिनिटं पूर्ण रेस दिली की आधी इंजिन उगाच हलकं पळाल्यासारखं वाटतं, मग ओढच जाते. त्या क्षणी चोक अर्धा ओढला आणि ओढ परत आली, तर समजा पेट्रोल कमी पडतंय. टू-स्ट्रोकला हे परवडत नाही, कारण ऑइल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, म्हणजे पिस्टन जाम.

पैसे खर्च करायच्या आधी जे फुकट होतं ते केलं, आणि तुम्हीही करा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक सुईने साफ केलं. कॉक उतरवून जाळी धुतली. मग कार्ब्युरेटरकडची नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडली आणि मोबाइलवर एक मिनिट लावलं. टाकी भरलेली असताना ३०० मिलीच्या वर. रिझर्व्हला १२० सुद्धा नाही. माझ्या हिशोबाने या इंजिनाला पूर्ण रेसवर मिनिटाला १३०-१४० मिली लागतं. म्हणजे पंप हवाच होता. (ज्यांचं रिझर्व्हला २५० येतंय त्यांनी इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल, पैसे वाचले.)

पंप घेतला मिकुनीचा, चौकोनी, पल्सवर चालणारा. बॅटरी नको, वायर नको. इंजिनाच्या श्वासाचे धक्के, म्हणजे पल्स, एका वेगळ्या नळीतून पंपात येतात, त्यावर आतला पडदा हलतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. तीन हजारांच्या आत पडला. पाकिटात पंप, दोन स्क्रू, बस्स. विकणाऱ्याला फोन केला, ‘पल्सची नळी?’ तर म्हणे, ‘सर, नळी जनरल असते, कुठलीही लावा.’

हे वाक्य मी सात महिने विसरलेलो नाही.

कुठलीही म्हणाला म्हणून मी घरातलीच लावली. माशांच्या टाकीची पारदर्शक, उरलेली, जवळपास हातभर. पंप टाकीच्या पट्ट्याला बांधला, नळी फिरवून मॅनिफोल्डच्या टोकाला. गाडी सुरू, मी खूश. रविवारी कात्रज चढलो आणि वरच्या वळणावर पुन्हा तेच, पुन्हा चोक. तीन हजार पाण्यात गेले म्हणून दोन आठवडे ज्याला त्याला सांगत फिरलो की पंप भिकार आहे. भर म्हणून पार्किंगमध्ये उभ्या गाडीखाली पेट्रोलचं डबकं. शेजारच्या काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरींनाच बोलावून दाखवलं.

शेवटी नाना पेठेत मेकॅनिक चाचांकडे गेलो. त्यांनी गाडी सुरू ठेवून ती पारदर्शक नळी दोन बोटांत धरली आणि माझं बोट तिच्यावर ठेवलं. नळी धडधडत होती, अगदी नाडीसारखी. ‘साहेब, इंजिन जेवढं ढकलतंय तेवढं नळीच फुगून खातेय. पंपापर्यंत काय पोचणार?’ मऊ नळी आणि वर हातभर लांब! त्यांनी जाड भिंतीची रबरी नळी वीतभर कापून लावली. पंपही पल्सच्या टोकापेक्षा वर राहील असा हलवला, म्हणजे आत साठलेलं ऑइल-पेट्रोल परत इंजिनात उतरतं. डबक्याचं कारण वेगळं निघालं. कार्ब्युरेटरमध्ये ३०० नंबरची नीडल-सीट (पेट्रोल आत सोडणारी झडप) होती, ती आपसूक उतरणाऱ्या पेट्रोलसाठी. पंपाचा दाब तिला झेपत नाही. १५०ची टाकली, ओव्हरफ्लो बंद. तरी गाडी लावताना कॉक बंद करायची सवय ठेवा, हा पंप उभ्या गाडीत पेट्रोल अडवत नाही.

तेव्हा मी पंपाला मनातल्या मनात ‘सॉरी’ म्हणालो. पुढचे तीन महिने गाडी जी पळाली! पसरणी घाटात पाचगणीपर्यंत चोकला हात लावला नाही. प्लगचा रंग चहासारखा. ॲव्हरेजमध्ये फरक शून्य, ते कोणी विचारू नये, या वयात गाडी ॲव्हरेजसाठी ठेवलेली नाही.

पाचव्या महिन्यात सिग्नलला रेस सोडली तरी खाली येईना. आधी वाटलं केबल अडकली. चावी बंद केली, पुन्हा किक मारली, पुन्हा तेच, इंजिन किंचाळतंय. प्लग काढला तर पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडल्याची खूण. चाचांनी ऑइलमध्ये बोट बुडवून त्या रबरी नळीच्या टोकाशी फिरवलं. ऑइल आत ओढलं गेलं आणि रेस लगेच खाली बसली. नळी काढून वाकवली तर मॅनिफोल्डच्या टोकावर बारीक चिरा, जुन्या चपलेला पडतात तशा. जिथून इंजिन पंपाला धक्का देतं, तिथूनच फुकटची हवा खात होतं. पेट्रोल कमी पडू नये म्हणून बसवलेल्या पंपाच्या नळीने मिश्रण पातळ केलं! आणखी एक घाट आणि पिस्टन गेला असता.

चाचांचं म्हणणं, हल्लीच्या पेट्रोलने रबर सुकतं. वीस टक्के इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही हे खरंच आहे, पण माझी ती नळी दुकानात किती वर्षं लोंबत होती तेही देव जाणे. आता विटॉनची, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या रबराची नळी लावलीय, दोन्ही टोकांना स्क्रूचे क्लिप. तारेचे पिळे नाहीत. वीतभराला आधीच्या रबरी नळीच्या दहापट पैसे गेले आणि मी ते कुरकुर न करता दिले, यावरून काय ते समजा. दर रविवारी ती टोकाशी वाकवून बघतो. बायको विचारते, ‘गाडी धुताय की नाडी बघताय?’

पंप उघडण्याची वेळ अजून आली नाही. पडदा फाटला तर नेमकं उलटं होईल, पेट्रोल पल्सच्या नळीतून सरळ इंजिनात, धूर आणि ओला प्लग. तेवढ्यासाठी पडद्याचा किट घेऊन ठेवलाय. पंपाला पाचापैकी साडेचार.

विकणाऱ्याचा गेल्या आठवड्यात फोन आला, ‘सर, पाच स्टार द्या ना.’ मी नळीचं विचारलं. म्हणाला, ‘आता सोबत देतो सर, ऐंशी रुपये एक्स्ट्रा.’ कुठली नळी, तर पारदर्शक.