फ्लायवे: टेबलात कोणी काय बदललं, याची चोख नोंद

नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी आमची छोटी टीम हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळते. संत्र्याचा हंगाम सुरू झाला की कोणी ना कोणी नवा कॉलम मागतोच. आधी हे बदल व्हॉट्सअॅपवर फिरायचे, आता डेटाबेसला द्यायच्या आज्ञांची (एसक्यूएल) क्रमांक दिलेली फाइल फ्लायवेत जाते; हे साधन अशा फाइली क्रमाने डेटाबेसवर चालवतं. कोणती फाइल कधी चालली, कोणी चालवली, किती वेळ लागला, सगळं डेटाबेसमधल्याच एका टेबलात राहतं. मला सगळ्यात आवडतो तो चेकसम, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला आकडा. चाललेल्या फाइलीत नंतर कोणी हात घातला की पडताळणी तिथंच थांबवते. छोट्या टीमने बिनधास्त घ्यावं.

फॉरेन की, म्हणजे दोन टेबलं जोडणारा नियम, बदलताना मात्र डोकं आपलंच लावावं लागतं. पावत्या शेतकऱ्यांच्या टेबलाशी जोडताना मी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आधी ‘नॉट व्हॅलिड’ लावून (जुन्या नोंदी न तपासता) की टाकते, ज्यांचा शेतकरी टेबलात नाही अशा अनाथ पावत्या निस्तरते, मग वेगळ्या फाइलीत व्हॅलिडेट करते, म्हणजे जुन्या नोंदीही तपासून घेते. त्यामुळे भर लिलावात पावती फाडणं अडत नाही. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी जपून! तिथं स्क्रिप्ट मधेच फसली तर आधी झालेले टेबलांचे बदल मागे फिरत नाहीत.

फ्लायवेच्या फुकट आवृत्तीत ‘अनडू’, म्हणजे बदल मागे घेण्याची सोय, नाही. उलटा बदल पुढच्या क्रमांकाने आपणच लिहायचा. आणि कोणी थेट डेटाबेसात घुसून कॉलम बदलला, तर साध्या पडताळणीला ते कळत नाही. म्हणून आमच्याकडे ते अधिकारच काढून घेतले आहेत.