तामियाचा जुना पँथर (३५०६५): कुठे मेहनत घ्यावी, कुठे सोडून द्यावं

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पँथर रणगाड्याचं तंतोतंत मॉडेल हवं असेल तर हे किट घेऊ नका. तामिया या जपानी कंपनीचंच १९९०च्या दशकातलं पँथर जी (किट क्रमांक ३५१७०) किंवा २०१५ सालचं पँथर डी (३५३४५) घ्या; ए, डी आणि जी या पँथरच्या आवृत्त्या. दोन्ही सरळ जुळतात आणि फारसं काही दुरुस्त करावं लागत नाही. १/३५ मालिकेतला ३५०६५ क्रमांकाचा पँथर ए वेगळ्या कारणासाठी घ्यायचा. यात भाग मोजके आहेत, मुख्य जुळणी सोपी आहे आणि उणिवा सगळ्या उघड दिसतात. त्या प्लास्टिक शीट, पुट्टी आणि थोड्या चिकाटीने भरून काढता येतात. मॉडेल जुळवणं येतं पण सुधारणं अजून यायचंय, अशा माणसाला याहून चांगलं साहित्य मिळणं कठीण.

उणिवा कुठून आल्या ते आधी बघू, म्हणजे त्या कुठे शोधायच्या हे कळतं. तामियाचा पहिला पँथर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आला तो मोटरवर चालणारं खेळणं म्हणून. आतल्या दोन सेलना जागा हवी म्हणून हलचं, म्हणजे रणगाड्याच्या धडाचं, माप ठरलं. पुढे मोजून पाहिलं तेव्हा ते मूळ रणगाड्याच्या साधारण १/३५ निघालं. आज जगभर रूढ असलेलं हे प्रमाण असं जन्माला आलं. नंतरच्या ३५०६५ वरही त्या मोटरच्या काळाचा ठसा आहे. हलच्या तळाला मोटर आणि स्विचसाठीची भोकं आहेत. पट्ट्यांवर बाहेर आलेला जो भाग असतो, म्हणजे स्पॉन्सन, त्याला खालून तळच नाही. मॉडेल डोळ्यांच्या पातळीवर धरलं की चाकांच्या वरून थेट हलच्या पोकळीत नजर जाते.

सुरुवात इथूनच करावी, कारण चाकं बसल्यावर हे काम करताच येत नाही. तळाची भोकं पुट्टीने बुजवू नका. नुसती पुट्टी वाळताना आकसते आणि खड्डा पुन्हा दिसतो. आतल्या बाजूने ०.५ मिमी प्लास्टिक शीटचा, भोकापेक्षा ४-५ मिमी मोठा तुकडा पातळ सिमेंटने (प्लास्टिक जोडायच्या गोंदाने) चिकटवा. बाहेरून भोकाच्या आकाराचा दुसरा तुकडा बसवा आणि उरलेल्या फटीतच पुट्टी भरा. एक दिवस वाळू द्या, मग ४०० आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासा.

स्पॉन्सनसाठी ०.७५ मिमी शीट लागते. ०.५ मिमीची शीट लांबीत लवचीक राहते आणि मधे झोळ येतो. वरचा हल खालच्यावर न चिकटवता ठेवा, जाड कागदाचा साचा कापून आतल्या कडेला जुळवून पाहा, मगच शीट कापा. पँथर डी आणि ए मध्ये स्पॉन्सनची खालची कड मागच्या बाजूला पायरी घेते, पँथर जीसारखी सरळ जात नाही. म्हणून एक लांब पट्टी कापून भागत नाही. मागचा तुकडा वेगळा करावा लागतो. शीट वरच्या हललाच चिकटवा, खालच्या हलला नको, म्हणजे दोन्ही अर्धे नंतरही कोरडे जुळवून पाहता येतात. हे काम तासाभराचं आहे, आणि अख्ख्या मॉडेलमध्ये एवढ्या कमी कष्टात एवढा फरक दुसरं कुठलंही काम पाडत नाही.

चाकांचा नीट विचार करावा लागतो. खऱ्या पँथरला प्रत्येक बाजूला आठ अक्ष आणि प्रत्येक अक्षावर चाकांची जोडी, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ३२ तबकड्या, त्याही एकमेकींत गुंतलेल्या. सगळी चिकटवून झाल्यावर रंगवायची म्हटली तर आतल्या रांगेपर्यंत ना ब्रश पोचतो ना एअरब्रश. त्यामुळे चाकं स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यावरून, काढा, कडेचा जोड खरवडून घासा, टूथपिकवर अडकवा आणि रंग पूर्ण करूनच बसवा. खऱ्या चाकाचा व्यास ८६० मिमी, म्हणजे १/३५ मध्ये २४.६ मिमी. आधी सगळ्या चाकावर रबराचा गडद राखाडी रंग (तामिया एक्सएफ-८५) मारा, वाळल्यावर वर्तुळांची पट्टी ठेवून मधल्या भागावर गडद पिवळा फवारा. पट्टीतलं वर्तुळ धातूच्या रिमइतकं हवं, टायरइतकं नाही. उलट क्रमाने केलं तर प्रत्येक टायरची कड हाताने रंगवावी लागते आणि ३२ वेळा हात स्थिर राहत नाही.

बसवताना आतली रांग आधी, बाहेरची नंतर. सिमेंट ओलं असतानाच हल काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि सगळी चाकं टेकतात का पाहा. एखादं अधांतरी राहिलं तर बहुतेक वेळा आसावर साच्याची कणी राहिलेली असते. ती खरवडली की चाक खाली येतं.

ट्रॅक हा या किटचा सगळ्यात कमकुवत भाग. पँथरला वरच्या बाजूला पट्टा तोलणारी रांगेतली रोलर चाकं नाहीत, पुढच्या दातेरी चाकाच्या मागे एक छोटा रोलर तेवढा आहे. बाकी पट्टा सरळ मोठ्या चाकांच्या डोक्यावर पडतो आणि दोन चाकांमध्ये किंचित दबतो. किटमधला विनाइलचा पट्टा मात्र ताणलेला, पुढून मागे सरळ रेषेत जातो, आणि रणगाड्याचं वजनच नाहीसं होतं. यावर उपाय असा. विनाइलच्या आतल्या बाजूला ४०० नंबरचा कागद मारा, चाकांच्या डोक्यावरचा रंग खरवडा, जेल प्रकारचा सुपरग्लू लावा आणि पट्टा व स्पॉन्सनच्या मधे स्पंजचे तुकडे खुपसून तो सुकेपर्यंत दाबून ठेवा. बंद केलेला स्पॉन्सन इथे कामी येतो. स्पंजला टेकायला छत मिळतं आणि पट्ट्याचा जोडही त्याच्याखाली लपतो.

तो जोड करताना विनाइलचे दोन-तीन खुंट भोकांतून काढून तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने चपटे करायचे असतात. प्लास्टिकचं सिमेंट विनाइलला धरत नाही. स्क्रूड्रायव्हर लाल होईपर्यंत तापवू नका. नुसता चटका बसला पाहिजे, नाहीतर खुंट वितळून गळून पडतो. त्याची भीती वाटत असेल तर काळ्या दोऱ्याने दोन टाके घाला, तेवढं पुरतं. पट्टा आखूड वाटला तर जोर लावून ओढू नका. तो ताण पुढच्या आणि मागच्या चाकाच्या आसावर येतो, चाकं आत झुकतात आणि काही वर्षांनी आस तुटतो. पट्टा गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवून हळूहळू ताणा.

सुटे दुवे जोडायचे ट्रॅक घ्यायचे असतील तर एका बाजूला साधारण ८६ दुवे लागतात. खरा पट्टा ६६० मिमी रुंद, म्हणजे मॉडेलवर जेमतेम १९ मिमी. मात्र बाहेरच्या संचातल्या दुव्यांचं अंतर या जुन्या किटच्या दातेरी चाकाशी जुळेलच असं नाही. ज्या संचात दातेरी चाकंही येतात तोच घ्यावा.

आता झिमरीट. खरं म्हणजे या लेखाचं कारण हेच आहे. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन कारखान्यांनी सप्टेंबर १९४३ ते सप्टेंबर १९४४ या काळात रणगाड्यांवर हा लेप लावला. पँथर ए चं उत्पादन १९४३च्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून १९४४च्या मध्यापर्यंतचं, म्हणजे अगदी सुरुवातीचे काही सोडले तर सगळे पँथर ए लेप घेऊनच बाहेर पडले. किटचे पृष्ठभाग मात्र गुळगुळीत आहेत. लेप लावला नाही तर बहुतेक पँथर ए म्हणून हे मॉडेल चुकीचंच राहतं. आणि लेप लावला की जुन्या साच्याचे उथळ, मऊ झालेले पृष्ठभाग आपोआप झाकले जातात. म्हणून या किटवर ही मेहनत वाया जात नाही.

यात सगळ्यांची चूक एकच होते: लेप फार जाड होतो. खरा थर काही मिलिमीटरचाच असे. ५ मिमी धरला तरी १/३५ मध्ये तो ०.१४ मिमी, म्हणजे जाड कागदाइतका. दोन भागांची इपॉक्सी पुट्टी सम प्रमाणात मळा, टाल्कम पावडर टाकलेल्या प्लास्टिकवर लाटून अर्धपारदर्शक होईपर्यंत पातळ करा. हलचा पृष्ठभाग ४०० नंबरने खरखरीत करून घ्या, नाहीतर वाळल्यावर अख्खा तुकडा सालीसारखा निघतो. एका वेळी एकच फलक घ्या. पुट्टी ओल्या बोटाने पसरवा, वीस मिनिटं थांबा आणि चिकटपणा कमी झाला की ओल्या बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने रेघा दाबा. घाई केली तर पुट्टी हत्याराबरोबर उचलली जाते, आणि फार थांबलात तर कड तडकते. तामियाची लेपासाठीची दातेरी पाती मिळतात. मोठ्या सपाट भागावर ती छान चालतात, पण बिजागऱ्या आणि मशीनगनच्या गोल बैठकीभोवती हातानेच करावं लागतं. नक्षी कारखान्यागणिक वेगळी असे, त्यामुळे ज्या रणगाड्याचं मॉडेल करताय त्याचा फोटो समोर ठेवा आणि शेवटपर्यंत त्याच्याशीच इमान राखा.

लेप पुढच्या फलकावर, हलच्या वरच्या बाजूंवर, मागे आणि टरेटभोवती (तोफेच्या फिरत्या मनोऱ्याभोवती) येतो. छत, इंजिनचं झाकण, चाकं आणि अवजारं यांवर नाही. अवजारं आणि फेंडर नंतर लावायचे, पण त्यांच्या खुंटांची भोकं लेपाखाली गडप होतात. आधी टाचणी खोचून ठेवा. कडा आणि फेंडरजवळ पूर्ण कडक झाल्यावर सुरीने दोन-चार कपचे उडवा. सगळीकडे उडवू नका. जिथे आघात होतो तिथेच तो उडतो.

तोफेची नळी दोन अर्ध्यांत येते. खरी तोफ ७५ मिमीची, ७० कॅलिबर लांब, म्हणजे मॉडेलवर बरोबर १५ सेंटिमीटर, आणि एवढ्या लांबीवर जोड अगदी डोळ्यांत भरतो. अर्धे दाबून जोडातून सिमेंटचा बारीक कणा बाहेर येऊ द्या, एक दिवस ठेवा, सुरीच्या पाठीने खरवडा आणि पेपरची पट्टी नळीभोवती गुंडाळून घासा. सपाट ठोकळ्याने घासलं तर नळी चपटी होते. ॲल्युमिनियमची नळी विकत मिळते. ज्याला घासायचा कंटाळा आहे त्याने तीच घ्यावी, त्यात काही गैर नाही. इंजिनवरच्या दोन गोल आणि चार चौकोनी झरोक्यांवर जाळी नाही. बारीक पितळी जाळी कापून वरून लावा. टरेटचं बाकी काम सरळ आहे, तिथे वेळ घालवू नका.

रंगाआधी प्रायमर हवाच. प्लास्टिक, शीट आणि पुट्टी अशा तीन रंगांवर एक्सएफ-६० गडद पिवळा सारखा बसत नाही. त्यात थोडा पांढरा मिसळा, एक भाग रंगाला एक ते दीड भाग एक्स-२०ए थिनर आणि १५ ते १८ पीएसआय दाब ठेवा. हिरवे (एक्सएफ-५८) आणि तांबूस (एक्सएफ-६४) पट्टे मऊ कडांचे ठेवा. खऱ्यावरही बरेचदा फवारणीनेच मारले जात. लेपाच्या रेघांवर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायचं छापील चित्र, बसत नाही, खाली हवा राहून चमकतं. टरेटवरचे अंक आणि क्रॉस स्टेन्सिल कापून रंगानेच काढा. इनॅमल वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) मारताना थिनर उघड्या प्लास्टिकच्या जोडांत साचू देऊ नका. ताणाखालचा जोड त्याने तडकतो.

हेच किट जुन्या डब्यातून निघालं असेल तर पहिलं काम ट्रॅक वेगळे करण्याचं. विनाइलमधलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं चिकटून राहिल्याने प्लास्टिकच्या भागांना खातं, तिथे पट्ट्याची नक्षी उमटते आणि ती घासून किंवा भरूनच घालवावी लागते. पिवळी पडलेली डिकल्स काचेच्या खिडकीवर उन्हात आठवडाभर चिकटवली की बरीच उजळतात. वापरण्याआधी एक डिकल कोपरा कापून पाण्यात टाकून पाहा. चिरा गेल्या तर बाकीच्यांवर द्रव डिकल फिल्मचा हात मारा. पूर्वी जुळवलेलं मॉडेल सुधारायचं असेल तर ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने उतरतो. सुपरग्लूने लावलेले भाग तासभर फ्रीझरमध्ये ठेवल्यावर हलक्या पिळाने सुटतात. सिमेंटचे जोड मात्र वितळून एक झालेले असतात, ते बारीक करवतीनेच कापावे लागतात. अशा मॉडेलला आतून स्पॉन्सन बंद करता येत नाही. खालून कोन कापून पट्ट्या सरकवा, पण त्यासाठी चाकांची निदान बाहेरची रांग काढावीच लागेल.