वही की अँकी?

जपानी भाषेची एन४ पातळीची परीक्षा पास होऊन चार वर्षं झाली. परवा सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात पुलावर उभी होते. पुलाचा जपानी शब्द 'हाशी' आठवला, पण त्याची कांजी (जपानी लिपीतलं चित्रासारखं अक्षर) काही आठवेना. (चॉपस्टिकलाही हाशीच म्हणतात, म्हणजे दुहेरी नाचक्की.)

उजळणीला लागले. अँकी हे शब्दांची कार्डं दाखवून उजळणी घेणारं अ‍ॅप, हिशेबाला पक्की: उत्तर आलं की ते कार्ड आधी काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी दाखवते, चुकलं की लगेच पुन्हा समोर. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. पण गणपतीत पाच दिवस उघडली नाही, तर चारशे कार्डं तुंबली. घाबरून आणखी आठवडा उघडलीच नाही! शेवटी नवी कार्डं बंद केली आणि रोज साठच उपसली, तेव्हा ढीग हलला.

वही कधी तगादा लावत नाही, हाच तिचा दोष. आपण येणारेच शब्द कौतुकाने वाचत बसतो. मात्र रेघांचा क्रम हातात बसतो तो वहीतच.

जोयो, म्हणजे रोजच्या वापरातल्या, कांजी २१३६. सगळ्या गिरवायला वेळ कुणाला? म्हणून मी शब्द अँकीत ठेवलेत आणि दोनदा चुकलेली कांजीच वहीत उतरवते, सकाळच्या चहाबरोबर. जुलैची परीक्षा गेली, एन३, म्हणजे पुढची पातळी, आता डिसेंबरला.