लॉकपिकिंग किट, पावसाळ्यापासून आत्तापर्यंतचा अनुभव: हूक ठीक, रेंच भंगार

लॉकपिकिंग म्हणजे चावीशिवाय कुलूप उघडायचा छंद, त्याच्या किटबद्दल हे. आधीच सांगते, पाकीट उघडून दाखवणारे व्हिडिओ ढिगाने पडलेत, त्यामुळे आत काय काय येतं ते परत लिहीत बसत नाही. तेच ते काळं रेक्झिनचं पाकीट, हूक (कुलपातल्या पिना एकेक करून उचलायची वाकड्या टोकाची काडी), रेक (पिनांवरून खरवडायची काडी), पाच टेन्शन रेंच (कुलपाला पीळ द्यायची वाकवलेली पट्टी), तुटलेली चावी बाहेर काढायच्या दोन बारीक काड्या आणि एक पारदर्शक कुलूप. कूपन लावून बाराशेला पडलं. आज लिहायला बसले कारण परवा अजून एक रेंच पिळवटला आणि विकणाऱ्याच्या कस्टमर केअरवाल्याने मला ऐकवलं, "मॅडम, तुम्ही जोर जास्त लावत असाल." जोर! ज्या छंदाचा पहिला धडाच जोर लावू नका हा आहे, त्यात इतके महिने घालवल्यावर हे ऐकून घ्यायचं म्हणजे डोकं फिरणारच ना.

तर आज रेंचबद्दलच बोलणार आहे. सगळेजण हूक किती, रेक किती, स्टील कुठलं यावर तासभर बोलतात आणि रेंचवर अर्धं वाक्य. खरंतर कुलूप उघडतो तो रेंचवाला हात, हूकवाला हात फक्त विचारपूस करत फिरतो.

कसं ते थोडक्यात सांगते, माहितीये त्यांनी पुढे जा. धाकट्या लायनस येल या अमेरिकन कुलूप-कारागिराने १८६१ मध्ये चपट्या चावीच्या ज्या पिन-कुलपाचं पेटंट घेतलं तीच रचना आजही आपल्या फ्लॅटच्या लॅचमध्ये असते. चावी घालतो तो आतला गोल दांडा, त्यात एका रांगेत भोकं, प्रत्येक भोकात खाली एक पिन, तिच्यावर दुसरी पिन, वर स्प्रिंग. दोन पिनांमधली फट दांड्याच्या कडेशी नेमकी जुळली की दांडा फिरतो. कागदावर सगळी भोकं एका सरळ रेषेत असतात, कारखान्यात नसतात, केसाएवढा फरक राहतोच. म्हणून रेंचने दांड्याला हलकासा पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकच अडकते. ती शोधायची, हळूच उचलायची, टिक् असं बोटाला कळतं, मग पुढची अडकते. बस, एवढंच आहे सगळं. स्वस्त कुलूप लवकर उघडतं ते याचमुळे, फरक जास्त असतो.

आता या किटमधले रेंच बघा. पातळ, गोलाईला वाकवलेले, चावीच्या भोकाच्या तळाशी घालायचे, आणि त्यांना अंगचीच लवचीकता. म्हणजे मी बोटाने जो दाब देते त्यातला निम्मा रेंच स्वतःच वाकण्यात खातो आणि आतून जो निरोप यायला हवा तो बोटापर्यंत पोचतच नाही. साध्या कुलपावर हे लक्षात येत नाही, चालून जातं, म्हणूनच बहुतेक लोक चार तारे देऊन मोकळे होतात. खरी फजिती स्पूल पिन आल्यावर. या पिना मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड असतात, डमरूसारख्या. दांडा थोडासा फिरतो, तुम्हाला वाटतं उघडलं, आणि तिथेच अडकून बसतो. याला फॉल्स सेट म्हणतात. इथून पुढे जायचं तर ती पिन अजून उचलताना दांडा उलट्या दिशेने किंचित मागे येतो, आणि तो मागे येतोय हे रेंचच्या बोटाला कळलं पाहिजे, कळल्यावर दाब सोडला पाहिजे, पण पूर्ण नाही, नाहीतर बसलेल्या सगळ्या पिना खाली आणि परत पहिल्यापासून. आता लवचीक रेंचने हे कसं कळणार सांगा? दांडा मागे येतोय की रेंच वाकतोय, काही पत्ता लागत नाही. मी कित्येक आठवडे एकाच कुलपापाशी अडकून होते, आणि आमच्याकडे टीव्हीसमोर बसून ते करत असल्यामुळे रोज सासूबाईंचं चालू, "अगं, एवढ्या वेळात चावी सापडली असती." चावी समोरच होती, पण ते जाऊ दे.

उपाय सापडला तो फुकटात, आणि म्हणून माझा राग अजून वाढला. गाडीच्या वायपरच्या रबराच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या लांब चपट्या पट्ट्या असतात बघा, सगळ्या मॉडेलना नसतात पण साध्या जुन्या पद्धतीच्या वायपरना असतात. पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजमध्ये जुन्या वायपरचा ढीग पडलेला असतो. आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या दादांकडे मागितले तर म्हणाले, "घेऊन जा ताई, भंगारवालाही घेत नाही." पट्टी पक्कडीत धरून टोक काटकोनात वाकवलं, कानशीने रुंदी थोडी कमी केली जेणेकरून चावीच्या भोकाच्या वरच्या तोंडाशी घट्ट बसेल. हो, वरच्या, खालच्या नाही. वरून लावलं की खालची सगळी जागा हूकला मोकळी मिळते आणि पट्टी सरळ-चपटी असल्यामुळे आतली बारीकशी हालचालसुद्धा बोटात येते. वाकवताना गरम करू नका, पाणी उतरतं आणि पट्टी मऊ पडते. त्याच आठवड्यात ते स्पूलवालं कुलूप उघडलं. ते मागे येणं पहिल्यांदा बोटाला जाणवलं तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की नवरा किचनमधून धावत आला, त्याला वाटलं झुरळ.

म्हणजे बाराशे रुपयांच्या किटमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग निकामी आणि भंगारातला वायपर कामाचा. यावर कंपनीशी भांडण झालं नसतं तरच नवल. आधी म्हणाले रिटर्नची मुदत संपली. मी म्हटलं रिटर्न नकोय, रेंच बदलून द्या. मग म्हणाले पाकीट उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. अहो, कोण काढतं व्हिडिओ? मग म्हणाले रेंच हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही. झिजलाय कुठे, पिळवटलाय! फोटो पाठवले तर ते "जोर जास्त" प्रकरण.

पारदर्शक कुलपाबद्दल माझं मत दोनदा बदललंय. आलं तेव्हा भारी वाटलं, पिना वर-खाली होताना दिसतात, फट जुळलेली दिसते, दांडा का फिरतो ते एका संध्याकाळीत समजतं. मग लक्षात आलं की ते इतकं ढिलं बनवलंय की रेक घालून नुसतं खरवडलं तरी उघडतं, आणि त्याहून वाईट म्हणजे डोळ्यांनी बघायची सवय लागते, बोटं काही शिकतच नाहीत. नंतर भाच्याच्या हातात दिलं, तर त्याने सुट्टीत आजीला, म्हणजे आमच्या सासूबाईंना, सगळं समजावून सांगितलं, आणि तेव्हापासून त्या "बाळा, ती अडकलेली आधी शोध" असं मलाच सांगतात. तर समजून घ्यायला छान, सरावाला शून्य.

सरावाला खरी कुलपं आणा. पुण्यात बोहरी आळीत छोटी पितळी कुलपं शंभराच्या आसपास मिळतात, दुकानदाराला नीट सांगा की पिनचं हवंय, लिव्हरचं नको. हे महत्त्वाचंय, कारण आपल्याकडे बंगल्याच्या गेटला आणि गावच्या घराला जी जाडजूड कुलपं असतात, अंगावर सहा लिव्हर सात लिव्हर असं कोरलेली, गोदरेजचं नवताल वगैरे, त्यांच्या आत पिना नसून पत्र्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांना हे किट काडीचंही उपयोगी नाही, हत्यारच वेगळं लागतं. परदेशी व्हिडिओ बघून किट मागवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी चक्कर मारलीत तर बिनचावीची कुलपं अजून स्वस्त मिळतात, पण आत वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ मिळून चिकट झालेलं असतं, आधी रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. आणि कृपा करून कुलपात खोबरेल तेल सोडणं बंद करा, धूळ धरतं, पिना चिकटतात. पेन्सिलीच्या शिशाची पूड चालते.

मंडईजवळ रस्त्यावर बसणाऱ्या एका चावीवाल्या काकांना मी माझं पाकीट दाखवलं होतं. त्यांनी एकेक हूक उलटसुलट करून बघितला आणि हसून परत दिला. म्हणाले, "ताई, कुलूप उघडून गिऱ्हाईकाला काय फायदा, त्याला चावी पाहिजे." आणि मग त्यांनी जे केलं ते बघायला मी उन्हात उभी राहिले. बिनखाचेची पितळी चावी कानशीने घासून गुळगुळीत केली, कुलपात घालून दाबून इकडे-तिकडे फिरवली, बाहेर काढून उजेडात तिरपी धरली. पितळेवर सुईच्या टोकाएवढे चकचकीत ठिपके. अडकलेली पिन तिथे दाबली गेल्याची खूण. जिथे ठिपका तिथे कानशीचे दोन हलके हात, परत आत, परत बाहेर, परत उजेडात. जी पिन जागेवर बसली ती खूण उमटवायची थांबते. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, एकाने फोनवर भांडण केलं, काकांची कानस तशीच चालू, ना घाई ना वैताग. आणि शेवटी चावी फिरली. हूक नाही, रेक नाही, रेंच तर नाहीच. त्यानंतर मी घरी सरावाची पद्धत बदलली, थोडा वेळच बसते, हात आखडला किंवा चिडचिड झाली की कुलूप ड्रॉवरमध्ये. चिडलं की पहिल्यांदा रेंचचाच दाब वाढतो आणि मग हूक कितीही हलवा, सगळ्या पिना आवळलेल्या. दुसऱ्या दिवशी तेच कुलूप पहिल्या फटक्यात उघडतं, हे असं का होतं ते मला विचारू नका.

ज्यांना उगाच न्यूनगंड येतो त्यांच्यासाठी, लंडनमध्ये कुलपं बनवणाऱ्या ब्रामा कंपनीने १७९० मध्ये दुकानाच्या काचेत एक कुलूप ठेवून उघडणाऱ्याला २०० गिनी (तेव्हाची ब्रिटिश सोन्याची नाणी) देऊ असं जाहीर केलं होतं. ते १८५१ मध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने उघडलं, १६ दिवसांत मिळून ५१ तास बसून. त्याला सासूबाई नसाव्यात.

एक धोक्याची सूचना. फक्त स्वतःची कुलपं, आणि वापरातलं कुलूप नाही, दाराचं तर अजिबात नाही, आत टोक मोडलं की चावीवाल्याचे पैसे गेले. दुसरं म्हणजे हे पाकीट रात्री पर्समध्ये घेऊन फिरू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या १२२ व्या कलमात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीची हत्यारं समाधानकारक कारणाशिवाय जवळ बाळगण्याबद्दल लिहिलंय, आणि नाकाबंदीवर रात्री अकराला "छंद आहे हो साहेब" हे कारण कितपत समाधानकारक वाटेल याचा विचार करा. माझं घरीच असतं.

आता कौतुक, कारण अन्याय नको. त्या दोन बारीक काड्या, ज्यांच्याकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं, त्यांनी निम्मे पैसे वसूल करून दिले. आमच्या सोसायटीतल्या आमच्या टपालपेटीत नवऱ्याने चावी मोडली, अर्धी आत. वॉचमन म्हणाला पेटीच कापू. मी शिशाची पूड फुंकली, काडीचा दात मोडक्या तुकड्याच्या खाचेत अडकवला, आणि सावकाश ओढलं. तुकडा पहिल्यांदा थोडा सरकला आणि थांबला, कारण दांडा किंचित फिरलेल्या अवस्थेत राहिला होता, तो वायपरच्या पट्टीने सरळ केला तेव्हा कुठे बाहेर आला. वरच्या मजल्यावरचे काका बघत उभे होते, तेव्हापासून भेटले की पाकीट खिशात दाबून धरल्याचं नाटक करतात.

अपडेट: हे अर्धं लिहून झाल्यावर कंपनीचं पार्सल आलं. न सांगता-सवरता पाच नवे रेंच पाठवलेत, आणि त्यातले दोन चपटे, जाड, वरून लावायचे! म्हणजे कुणीतरी माझा लांबलचक मेल वाचला होता. करून बघितले, चांगले आहेत, वायपरपेक्षा किंचित जाड असल्यामुळे काही अरुंद कुलपांत शिरत नाहीत, पण स्पूलवर काम झकास. मग हेच आधीपासून पाकिटात घालायला काय झालं होतं? वर त्या कस्टमर केअरवाल्याने दिलगिरी वगैरे काही नाही, पार्सलमध्ये नुसती चिठ्ठी, "हॅपी पिकिंग".

दोन तारे देणार होते, तीन देते. हूक चांगले, अजून एकही मोडला नाही, हँडलचं रबर थोडं सुटायला लागलंय ते फेविक्विकने बसतं. जुने पातळ रेंच कुंडीत वेलीला आधार म्हणून लावलेत, तिथे बरं काम करतात. पारदर्शक कुलूप कुणाला हवं असेल तर शंभर रुपये फिक्स, घासाघीस नाही, एरंडवण्यात येऊन घेऊन जायचं. किंवा जुने वायपर आणा, अदलाबदल करू.