गुडघ्यातला 'विरघळणारा' स्क्रू: वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या एका लिगामेंटचं, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. नवं लिगामेंट पकडून ठेवायला नडगीच्या हाडात टायटॅनियमऐवजी विरघळणारा स्क्रू घालून घेतला. जास्तीचे पैसे कशाला, तर "पुन्हा काढायची कटकट नको." हे वाक्य मला अजून डाचतं. एसीएलचा टायटॅनियमचा स्क्रूसुद्धा त्रास नसेल तर कोणी काढत नाही, तो हाडातच राहतो!

गुडघा मात्र झकास. जिने, मांडी घालून बसणं, सगळं सुरळीत. मग हिवाळ्यात टाक्याच्या जागेखाली चिंचोक्याएवढं टेंगूळ आलं. दाबलं तर मऊ, पण गरम नाही, ताप नाही. रक्तातली सूज दाखवणारी सीआरपी तपासणी नॉर्मल. एमआरआयमध्ये स्क्रूसाठी हाडात पाडलेल्या बोगद्यातून बाहेर आलेली गाठ दिसली. ती उघडल्यावर आत पांढरट तुकडे सापडले, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काही वाढलं नाही.

तोवर माझं मत "प्लास्टिकच्या नादी लागू नका" एवढंच होतं. आता तसं म्हणणार नाही. असे स्क्रू ज्या प्लास्टिकचे असतात ते पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड पाण्यानं तुटतं, त्याचं लॅक्टिक अ‍ॅसिड होतं, आणि ते तर आपले स्नायूही रोज तयार करतात. खरा प्रश्न वेगाचा आहे. पीजीए (पॉलिग्लायकोलिक अ‍ॅसिड, असंच दुसरं विरघळणारं प्लास्टिक) काही महिन्यांत तुटतं. १९८०च्या दशकात फिनलंडमध्ये घोट्याच्या फ्रॅक्चरला पीजीएच्या कांड्या वापरल्या, तेव्हा काही रुग्णांना जंतुसंसर्ग नसतानाही सूज येऊन जखमेतून स्राव आला. शुद्ध पीएलएलए (पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडचाच एक प्रकार) उलट फार सावकाश जातं, त्याचे स्फटिकासारखे कण वर्षानुवर्षं रेंगाळू शकतात. म्हणून हल्ली त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हा कॅल्शियमचा क्षार मिसळतात. ते आम्लता थोडी मारतं आणि हाड भरायला मदत करतं. आणखी एक फायदा मान्य करावाच लागेल: धातू नसल्यामुळे एमआरआयमध्ये नवं लिगामेंट टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ दिसलं.

म्हणजे सगळं अवलंबून आहे ते नेमकं कुठलं पॉलिमर यावर. आणि माझ्या बिलावर काय, तर "बायो स्क्रू, नग १". बस! पीएलएलए हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो फाईलमधल्या स्टिकरवर, तेही गाठ आल्यावर फाईल मागून घेतली तेव्हा. साध्या मिक्सरबरोबर माहितीपत्रक येतं, आणि हाडात वर्षानुवर्षं राहणाऱ्या वस्तूचं नावही सांगत नाहीत? ऑपरेशनआधी घटक आणि विरघळायचा काळ लेखी मागा. डिस्चार्जच्या दिवशीच स्टिकरचा फोटो काढा, लॉट नंबरसकट. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे मटेरिओव्हिजिलन्सची (वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची) तक्रार करताना मला तोच लागला.

गुडघा आता ठणठणीत आहे. स्क्रूच्या फरकाची रक्कम विम्यानं नाकारली, आणि गाठ काढायचा खर्चही माझ्याच खिशातून गेला.