कायदेशीर गांजाचं दुकान: न्यू जर्सी की न्यूयॉर्क?

औषध म्हणून नव्हे, तर प्रौढांना एरवीही गांजा विकायला मुभा देणारा कायदा दोन्ही राज्यांत २०२१ सालीच झाला. न्यू जर्सीत २२ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कमध्ये ३१ मार्चला. पहिली विक्री न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ रोजी झाली, न्यूयॉर्कमध्ये २९ डिसेंबर २०२२ रोजी. म्हणजे आठ महिन्यांचा फरक. पण दुकान टाकू पाहणाऱ्याला या तारखांचा फारसा उपयोग नाही. त्याला दोनच गोष्टी कळायला हव्यात: काम कुठे अडतं, आणि ते अडलेलं असताना भाडं कोणाच्या खिशातून जातं.

आमचं मत आधीच सांगतो. स्वतःच्या पैशाने एकच दुकान टाकायचं असेल तर न्यू जर्सी बरी, पण तिथे जागेच्या आधी गाव निवडा. परवाना आधीच हातात असेल, किंवा परवानाधारकाशी कागदावर टिकेल अशी भागीदारी मिळत असेल, तरच न्यूयॉर्कचा विचार करा.

या दोन्हींच्या आधी येतो तुमचा व्हिसा. एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंत हा धंदा पाहून मराठी माणसालाही त्यात पैसे घालावेसे वाटतात. पण राज्याने परवानगी दिली तरी केंद्राच्या कायद्यात गांजा हा नियंत्रित अमली पदार्थच आहे, आणि इमिग्रेशन केंद्राच्या हातात आहे. एच-वन, एच-फोर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाने अशा दुकानात मालकी घेतली किंवा नोकरी केली, तर 'अमली पदार्थांच्या व्यापारात सहभाग' या कलमाखाली देशात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी शिक्षा झालेली असावी लागत नाही, अधिकाऱ्याला सबळ संशय असला तरी पुरे. या कलमात नवरा-बायको आणि मुलंही येतात: मागच्या पाच वर्षांत त्या पैशाचा फायदा त्यांनी घेतला असेल, आणि तो कुठून आला हे त्यांना माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, तर तीही अडकतात. एप्रिल २०१९ मध्ये यूएससीआयएसने (इमिग्रेशनचे अर्ज पाहणारं केंद्राचं खातं) स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजा-व्यवसायातली नोकरीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगलं चारित्र्य' सिद्ध करण्याच्या आड येऊ शकते. केंद्राच्या नियंत्रित पदार्थांच्या यादीत गांजा पहिल्या, सर्वांत कडक वर्गातून तिसऱ्या वर्गात हलवण्याची चर्चा २०२३ मध्ये सुरू झाली. पण वर्ग बदलला तरी तो नियंत्रित पदार्थच राहतो, त्यामुळे हा धोका टळत नाही. घरात एक जण नागरिक आणि दुसरा ग्रीन कार्डवर असेल, तर संयुक्त खातं, जामीन, भाडेकरार यांतलं एकही कागदपत्र सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. अकाउंटंटचा सल्ला इथे पुरत नाही. ज्यांच्याकडे अमेरिकी नागरिकत्व नाही त्यांच्यासाठी ही तुलना इथेच संपते.

आता न्यू जर्सी. तिथे वेग ठरवला गावांनी. कायद्याने प्रत्येक म्युनिसिपालिटीला १८० दिवस दिले होते, ऑगस्ट २०२१ पर्यंत. तेव्हाच्या ५६५ पैकी साधारण ४०० गावांनी दुकानांना नकार दिला. गांजाच्या सार्वमतात ६७ टक्के लोकांनी हो म्हटलेल्या राज्यात असं झालं, कारण 'गांजा कायदेशीर असावा' आणि 'आमच्या मेन स्ट्रीटवर दुकान असावं' ही दोन वेगळी मतं आहेत. ज्या गावांनी मुदतीत काहीच ठरवलं नाही, तिथे पाच वर्षं दुकानांना मुभा मिळाली. ती पाच वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये पुरी होतात आणि नव्याने बंदी घालायची वाट पुन्हा उघडते. म्हणून गावाचा वटहुकूम (गावाने केलेला स्थानिक नियम) नुसता आहे की नाही एवढंच पाहू नका, त्यावरची तारीख वाचा.

पहिल्या दिवशी उघडलेली १३ दुकानं जुन्या वैद्यकीय-गांजा कंपन्यांची होती. माल त्यांच्याकडे होता, जागा होत्या, कर्मचारी होते. १२,४३८ गिऱ्हाइकं आली आणि १९ लाख डॉलरच्या आसपास विक्री झाली. नव्या माणसाला मात्र पुढची एक-दोन वर्षं त्याच कंपन्यांकडून घाऊक माल घ्यावा लागला, कारण शेतीच्या परवान्यांवर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ३७ ची मर्यादा होती. भाव चढे राहिले ते त्यामुळे.

किरकोळ दुकानासाठी तिथे 'क्लास ५' परवाना लागतो. आमच्या मते कामं या क्रमाने करावीत. आधी गावाचा वटहुकूम काढा: किती दुकानांना परवानगी आहे, त्यातली किती भरली, कोणत्या झोनमध्ये, शाळेपासून किती अंतरावर. हे अंतर गाव स्वतः ठरवतं. मग गव्हर्निंग बॉडीकडून पाठिंब्याचा ठराव आणि झोनिंगचं पत्र मिळवा. जर्सी सिटीसारख्या शहरात स्वतंत्र कॅनबिस कंट्रोल बोर्ड आहे, म्हणजे एक सुनावणी जास्त. भाडेकरारावर सही त्यानंतर. राज्याच्या कॅनबिस रेग्युलेटरी कमिशनकडे पक्क्या परवान्याचा अर्ज जातो तो या कागदांसह.

जागा नसतानाही 'कंडिशनल' परवाना मिळतो आणि तो स्वस्त असतो. त्यात दोन अडचणी आहेत. निर्णयाचा अधिकार असलेल्या प्रत्येक मालकाचं मागच्या वर्षाचं उत्पन्न दोन लाख डॉलरच्या आत, किंवा जोडप्याने एकत्र विवरणपत्र भरलं असेल तर चार लाखांच्या आत लागतं. दोघांचे आयटीचे पगार असलेल्या घरात ही रेषा सहज ओलांडली जाते. दुसरी अडचण मुदतीची. मूळ नियमात १२० दिवस आणि त्यावर थोडी वाढ, एवढ्यातच गाव, जागा आणि ठराव जमवायचा होता. ते लोकांना जमेना, म्हणून कमिशनला मुदत वाढवावी लागली. आणखी एक अट: निर्णयात सहभागी असलेला किमान एक माणूस दोन वर्षं न्यू जर्सीत राहिलेला असावा.

फार खर्च नको असेल तर मायक्रोबिझनेसचा विचार करा. त्यात जास्तीत जास्त १० कर्मचारी आणि २,५०० चौरस फूट जागा चालते. वार्षिक शुल्क १,००० डॉलर, तर नेहमीच्या दुकानाचं १०,०००. मालक आणि कर्मचारी यांतले ५१ टक्के त्याच किंवा शेजारच्या गावचे असावे लागतात. ग्रोसरी किंवा लिकर स्टोअर चालवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: चालू दुकानाचा एक कोपरा गांजासाठी काढून देता येत नाही. खाद्यपदार्थ किंवा दारू विकली जाते त्या जागेत क्लास ५ चालत नाही.

न्यूयॉर्कमध्ये गावांचा त्रास त्या मानाने कमी. ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत ज्यांना नको होतं ती गावं बाहेर पडली. लाँग आयलंडवर हेम्पस्टेड, नॉर्थ हेम्पस्टेड आणि ऑयस्टर बे बाहेर आहेत, त्यामुळे भारतीय वस्तीच्या हिक्सव्हिलमध्ये दुकान शोधू नका, ते ऑयस्टर बेमध्ये येतं. सफोक काउंटीत बॅबिलन, ब्रुकहेवन, रिव्हरहेड आणि साउथॅम्प्टन आत राहिले. न्यूयॉर्क शहरात कम्युनिटी बोर्डाला ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, पण त्याचं मत फक्त सल्ला म्हणून धरतात. न्यू जर्सीत ठरावाशिवाय पुढे जाता येत नाही, इथे जाता येतं.

अडकलं ते राज्याच्या पातळीवर. आधी नियामक मंडळाच्या नेमणुकाच राहिल्या, गव्हर्नर बदलल्यावर त्या झाल्या. मग राज्याने ठरवलं की पहिली दुकानं गांजाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना द्यायची, ज्यांना नफ्यातला धंदा चालवल्याचा अनुभवही आहे. हेतू न्याय्य होता, आणि आम्हाला तो आजही पटतो. पण कायद्यात सर्वांसाठी एकाच वेळी दार उघडण्याची भाषा होती आणि व्यवस्थेने एका गटाला आधी घेतलं. ही फट वकिलांना सापडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिले ३६ परवाने निघण्याआधीच एका फेडरल न्यायाधीशाने, बाहेरच्या राज्यातल्या अर्जदाराच्या वेगळ्याच दाव्यावरून, ब्रुकलिनसह पाच विभागांतलं वाटप थांबवलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या कोर्टाने, याच फटीवर बोट ठेवणाऱ्या जखमी माजी सैनिकांच्या दाव्यावरून, पूर्ण कार्यक्रमच गोठवला. २०२३ संपताना राज्यभर उघडी दुकानं ४० च्या आसपास होती.

या गोठण्याची झळ दोघांना बसली. शेतकऱ्यांनी २०२२ चं पीक काढून ठेवलं होतं, पण विकायला दुकानंच नव्हती. सुकवलेलं फूल गोदामात पडून राहिलं की ओलावा जातो, वास उडतो, टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचं हळूहळू कमी नशेचं सीबीएन होतं आणि भाव पडतो. दुसरी झळ अर्जदारांना. २०२३ च्या शेवटी अर्ज मागवले तेव्हा सगळे मिळून सात हजारांच्या आसपास आले, आणि रांगेचा क्रम यादृच्छिक ठरला. लवकरच्या रांगेत यायला जागा हातात दाखवावी लागत होती. म्हणजे क्रमांक मागे लागलेला माणूसही रिकाम्या गाळ्याचं भाडं भरत बसला. बेकायदा दुकानं मात्र रस्तोरस्ती चालू होती. त्यांना कुलूप लावायचा पुरेसा अधिकार शहराला २०२४ च्या वसंतात मिळाला, आणि त्यानंतर कायदेशीर दुकानांची विक्री वाढायला लागली.

अंतराचा नियम न्यूयॉर्कमध्ये राज्याचा आहे: शाळेपासून ५०० फूट, प्रार्थनास्थळापासून २०० फूट, आणि २०,००० वर वस्तीच्या ठिकाणी दोन दुकानांत १,००० फूट. जुलै २०२५ मध्ये नियामक कार्यालयाने कळवलं की शाळेचं अंतर आवाराच्या हद्दीपासून मोजायला हवं होतं, पण ते दारापासून मोजलं गेलं. दुकानं आणि अर्जदार मिळून दीडशेच्या आसपास लोक एका पत्राने टांगणीला लागले, आणि त्यातले काही कोर्टात गेले. कार्यालयाने जागेला होकार दिला असला तरी मोजायचा आजचा नियम विचारून घ्या, आणि परवानाधारक सर्व्हेअरकडून हद्दीपासूनचं आणि दारापासूनचं, दोन्ही मापं लेखी घ्या.

नवे अर्ज तिथे बारमाही घेतले जात नाहीत, खिडकी उघडते तेव्हाच. एरवी आत जायची वाट म्हणजे चालू परवान्यात भागीदारी. तीन गोष्टी तपासा: एका माणसाला किरकोळचे तीनपेक्षा जास्त परवाने ठेवता येत नाहीत, शेती किंवा प्रक्रियेत हितसंबंध असलेल्याला दुकानात हिस्सा मिळत नाही, आणि कर्जाच्या नावाखाली नफ्यात वाटा घेतला तर तोही हितसंबंधच धरला जातो.

पैशाकडे येऊ. १०० डॉलरच्या मालावर न्यू जर्सीत गिऱ्हाइकाला ६.६२५ टक्के विक्रीकर आणि गावाचा जास्तीत जास्त २ टक्के, म्हणजे फार तर १०८.६३ डॉलर पडतात. औंसामागचं सामाजिक शुल्क शेतीच्या टप्प्यावर आधीच लागलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये काउंटरवर १३ टक्के, म्हणजे ११३ डॉलर. शिवाय जून २०२४ पासून घाऊक टप्प्यावर ९ टक्के. त्याआधी टीएचसीच्या मिलिग्रॅमवर कर होता, तो हिशेब फार किचकट होता आणि गेला हे बरंच झालं.

खरा फटका दोन्हीकडे सारखाच बसतो: आयकराचं कलम २८०ई. समजा विक्री २० लाख, मालाची किंमत १० लाख, भाडं, पगार आणि सुरक्षा ७ लाख. हातात नफा ३ लाख. पण केंद्र ते ७ लाख वजा करू देत नाही, कर १० लाखांवर लावतं: २१ टक्क्यांनी २ लाख १० हजार. उरतात ९० हजार. राज्याच्या करात दोन्ही राज्यांनी ही वजावट मान्य केली आहे. केंद्राच्या यादीत गांजाचा वर्ग बदलला की हे कलम सुटेल, या आशेवर नफ्याचा तक्ता बनवू नका. २८०ई धरून दुकान तरत असेल तरच पुढे जा. क्रेडिट कार्ड चालत नाही, एसबीएचं (छोट्या धंद्यांना मदत करणारं केंद्राचं खातं) कर्ज मिळत नाही, त्यामुळे उभारणीचा सगळा पैसा स्वतःचा किंवा महागड्या खासगी कर्जाचा.

भाडेकरार करताना घरमालकाच्या मॉर्गेजची प्रत मागा. केंद्राच्या कायद्याने बेकायदा वापराला मनाई करणारं कलम बहुतेक बँकांच्या कागदात असतं, आणि ते असेल तर बँक मधेच कर्ज परत मागू शकते. कर्ज नसलेली इमारत शोधा. करारात चार ओळी घालून घ्या: परवाना मिळेपर्यंत भाडं अर्धं किंवा शून्य, ठरलेल्या तारखेपर्यंत परवाना न आल्यास अनामत परत घेऊन बाहेर पडायचा हक्क, गावाने किंवा राज्याने नियम बदलून जागा अपात्र ठरवली तरी तोच हक्क, आणि भाडं विक्रीच्या टक्केवारीत नव्हे तर ठरावीक रकमेत. टक्केवारीचं भाडं असेल तर नियामक घरमालकालाही भागीदार समजू शकतो, आणि मग त्याचीही पार्श्वभूमी-तपासणी सुरू होते.