‘ओरिजिनल जपानी बेल्ट’ आणि सायकलची ट्यूब

नागपुरात बर्डीत जुना टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकायचा विचार असेल तर आधी हे वाचून घ्या. दुकानाचं नाव लिहीत नाही. नाव कळून उपयोग कमी आहे, कारण नवा पट्टा सांगून भलताच बसवायची ही युक्ती कोणीही करू शकतं. ती ओळखायची कशी, ते कळलं पाहिजे.

मशीन बाबांचं. नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, मामांनी ऐंशीच्या दशकात आखातातून आणलेला. गावच्या गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी भजनं बाबांनी त्यावर भरून ठेवली होती, ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची होती. प्ले दाबलं की मोटर फिरल्याचा आवाज यायचा, पण कॅसेटची चक्रं जागची हलत नव्हती. याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. मोटर ठीक आहे, आतले रबरी पट्टे गेले. मोटरच्या बारक्या पुलीवरून मुख्य पट्टा एका जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर जातो. फ्लायव्हीलचा दांडा म्हणजे कॅपस्टन. तो आणि रबरी पिंच रोलर मिळून टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या ठरलेल्या वेगानं ओढतात. पट्टा ढिला पडला की सगळंच ढिलं. तीस-चाळीस वर्षांत रबर सैल तरी होतं, नाही तर वितळून डांबरासारखं पुलीला चिकटतं.

दुकानदाराला मी हे सांगायला गेले तर म्हणाला, “मॅडम, ते तुम्हाला नाही समजणार. मशीन ठेवून जा.” मग फोनवर यादी वाढत गेली. तिन्ही बेल्ट गेले, हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) घासलं, मोटरची सर्व्हिस करावी लागेल. बेल्ट म्हणे ओरिजिनल जपानी, मुंबईहून मागवावे लागतात. एकूण अठ्ठावीसशे रुपये. बिल मागितलं तर पॅडच्या कागदावर आकडे लिहून दिले, त्यावर ना दुकानाचा शिक्का ना तारीख. जुने पार्ट मागितले तर “कचऱ्यात गेले ना मॅडम.” पैसे मी यूपीआयनं दिले होते, हे पुढे कामी आलं.

दुकानात त्यानं स्वतःची एक सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट लावून दाखवली. ठणठणीत वाजली. ढोलकी, कोरस, सगळा गोंगाट. त्यात वेगातली थरथर कोणाला कळणार? घरी आणून भजन लावलं आणि पहिल्याच लांब स्वराला आवाज कापरा झाला. सलग, बारीक, थांबायचं नावच नाही. शिवाय आवाज दबका, टाळांची किणकिण पार गेलेली. दुसरी कॅसेट लावली ती मशीननं खाल्ली. झाकण उघडलं तर टेप पिंच रोलरभोवती गुंडाळलेली.

दुकानात परत गेले तर उत्तर तयार. “नागपूरची गर्मी आहे मॅडम, रबर तापतं. गॅरंटी इलेक्ट्रॉनिकवर असते, रबरवर नसते.” हे वाक्य त्यानं इतक्या सराईतपणे टाकलं की मी पहिलीच नव्हे, हे कळलं.

नागपूरच्याच महाल भागात एक काका आहेत, पूर्वी रेडिओ-टेपचीच दुरुस्ती करायचे. मशीन त्यांच्याकडे नेलं. मागचे स्क्रू काढून त्यांनी टॉर्च धरला आणि हसायलाच लागले. “पट्टा बदलला नाही ताई, पट्टा जोडला यानं.” मुख्य पट्टा जुनाच होता. सैल झालेला म्हणून तिरपा कापून आखूड केलेला आणि फेविक्विकनं चिकटवलेला. जोडाच्या दोन्ही बाजूंना डिंकाची पांढरी बुरशी आलेली, बोटाला जोड कडक लागत होता. हा पट्टा सेकंदाला काही फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत तो कडक जोड मोटरच्या पुलीवरून उडी मारणार आणि फ्लायव्हीलला झटका देणार. तीच ती थरथर.

टेप गुंडाळणाऱ्या चक्राचा छोटा पट्टा काकांनी चिमट्यानं उचलून माझ्या हातावर ठेवला. काळा, जाडीला एका बाजूला कमी, कडा कात्रीनं कापल्यासारख्या खडबडीत. “हे तं सायकलच्या ट्यूबची रिंग हाय. काहून नाही खाणार कॅसेट?” कॅपस्टन टेप पुढे ढकलत राहतो, आणि घेणारं चक्र घसरलं की टेपला जागा उरत नाही, ती रोलरवरच चढते. तिसरा, टेप किती सरली ते आकड्यांत दाखवणाऱ्या काउंटरचा पट्टा म्हणजे भाजीच्या पुडीला लावतात ते साधं रबरबँड होतं. काउंटर बंद पडला तरी गाणं वाजतं, म्हणून त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही.

हेडही बदललेलं नव्हतं. कॅसेटची टेप जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद असते आणि वर्षानुवर्षं घासून हेडच्या तोंडावर तेवढ्याच रुंदीचा चपटा, चकचकीत पट्टा पडतो. आमच्या हेडवर तो तसाच होता. नवीन हेड बसवलं असतं तर तोंड एकसारखं गोलसर दिसलं असतं. बदल म्हणाल तर एवढाच, हेड सरळ राहावं म्हणून जो स्क्रू कंपनीनं रंगाचा ठिपका देऊन बसवलेला असतो, तो ठिपका फुटलेला. कोणीतरी उगीच पिळला, हेड तिरकं झालं, आणि म्हणून टाळांचा आवाज गेला.

सगळ्यात चलाख भाग शेवटी कळला. काकांनी पुलीवरचा काळा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला. पट्टा ज्या ज्या पुलींवरून जातो त्या वाटेनं दोरा फिरवून लांबी मोजली आणि त्याहून साधारण पाच टक्के आखूड पट्टे बसवले. तयार मिश्र पाकिटातले, दोन-तीनशे रुपयांत मिळतात तसे. मशीन सुरू केलं तर बाबांच्या मंडळातले म्हातारे लहान पोरांच्या आवाजात गायला लागले! साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास चालायला हवी, ती सव्वीस मिनिटांतच संपली. मोटरच्या मागे बारीक भोक असतं, आत वेगाचा स्क्रू. घसरणाऱ्या पट्ट्यामुळे वेग कमी पडत होता, तर या पठ्ठ्यानं पट्टा नीट करायच्या ऐवजी मोटरच जोरात पळवली होती. म्हणजे आपण काय बसवलंय आणि ते घसरतंय, हे त्याला पक्कं माहीत होतं. निष्काळजीपणा म्हणून सोडून द्यावं, अशी सोय यानं ठेवलीच नव्हती.

तेव्हा तुमचं मशीन परत घेताना स्वतःची कॅसेट न्या, तीही बासरी, पेटी किंवा एकट्या गळ्याची, जिच्यात लांब ठरलेले स्वर आहेत. सुरुवातीलाही ऐका आणि बाजू संपत आल्यावरही. गुंडाळणारं चक्र भरत आलं की त्याला जास्त जोर लागतो आणि घसरणारा पट्टा तिथे उघडा पडतो. जुने पट्टे आणि जुनं हेड परत मिळायला हवं, हे मशीन ठेवतानाच कागदावर लिहून घ्या. मी तर आता हेडच्या स्क्रूच्या खाचेत नेलपॉलिशचा थेंब टाकून देते. नवीन हेड लावलं म्हणतात आणि थेंब शाबूत, मग बोलायला काही उरतच नाही.

बिलाचं म्हणाल तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. मी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग तक्रारीचा क्रमांक, यूपीआयची पावती, चिकटवलेल्या जोडाचा आणि ट्यूबच्या रिंगचा फोटो दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवले. निळ्या टिका लगेच आल्या, फोन संध्याकाळी आला. आवाजात एकदम साखर. “ताई, गैरसमज झाला. मशीन घेऊन या, फुकटात चांगले बेल्ट टाकून देतो.”

मशीन नेलं नाही. पार्टचे एकवीसशे रुपये परत घेतले. मजुरीचे सातशे तो द्यायला तयार नाही, आणि मी तक्रार मागे घ्यायला.